ऐकू येतं, पण कळत नाही

यंत्रमागाच्या कारखान्यात शिरलं की आवाज कानाआधी छातीत भरतो. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. तेव्हापासून त्या गावाच्या कितीतरी पिढ्यांनी हा खडखडाट अंगावर घेतला आहे. एका छपराखाली पन्नास-साठ माग असतात. प्रत्येक मागाचा धोटा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा या टोकाकडून त्या टोकाला फेकला जातो आणि दर वेळी टोकाच्या पेटीत आदळतो. शेजारचा माणूस बोलला तर त्याचे ओठ वाचायचे, लांबच्याला हात करून बोलवायचं.

माझा मामा तिथे जॉबर होता. माग बिघडला की तो ताळ्यावर आणायचा, हे जॉबरचं काम. शाळेला सुट्टी असली की मी त्याचा डबा घेऊन जात असे. एकदा तो दाराशी उभ्या उभ्या चहा पीत होता. मध्येच पेला कठड्यावर ठेवून तो आत गेला आणि दोन रांगा ओलांडून एका मागापाशी थांबला. तो माग तर व्यवस्थित चालू होता. कापड उतरत होतं, धागा तुटलेला नव्हता. मामाने दांडा ओढून माग बंद केला, वाकून पान्याने एक बोल्ट आवळला, धोट्याच्या टोकावरून अंगठा फिरवून पाहिला आणि माग पुन्हा सुरू केला. मग परत येऊन उरलेला चहा प्यायला. कसं कळलं म्हणून विचारलं तर म्हणाला, “वेगळा वाजाय लागला हुता की.”

आता मामा पंचाहत्तरीच्या पुढे आहे. उजव्या कानात यंत्र असतं. घरात आम्ही दोघंच असलो, पंखा बंद असला, मी समोर बसले असले, तर तो तासभर गप्पा मारतो. पण गौरीजेवणाच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरतं, स्वयंपाकघरातून हाका येतात, पोरं मधून पळतात, कुणीतरी टीव्हीवर आरती लावलेली असते. अशा वेळी मामा यंत्र काढून सदऱ्याच्या खिशात टाकतो आणि भिंतीला टेकून बसून राहतो. जवळ जाऊन विचारलं तेव्हा म्हणाला, “ऐकू येतंय गं सगळं. पण कळत न्हाई.”

साठ मागांच्या गदारोळात एका मागाचा बदललेला ठेका ओळखणारा माणूस भरल्या घरात नातवाचं एक वाक्य पकडू शकत नाही. कान गेले एवढं उत्तर मला पुरेना. कान गेले असतील तर ‘ऐकू येतंय सगळं’ हे काय? गेली काही वर्षं या प्रश्नाच्या मागे लागून जे वाचलं, त्यातून माझी एक खात्री झाली आहे. ऐकणं हे जितकं कानाचं काम आहे, तितकंच मेंदूने नाकारण्याचं काम आहे. मामाचं हे नाकारणं थकलं आहे.

हे वाचताना तुमच्या मनगटावर घड्याळाचा पट्टा असेल, पाठीला खुर्ची टोचत असेल, बाहेर कुठेतरी रिक्षा वळत असेल. स्वतःच्या नाकाचा शेंडा तर डोळ्यांसमोर सतत असतोच. मी नाव घेईपर्यंत यातलं बहुतेक काही तुमच्यापर्यंत पोचलं नव्हतं. एकेका डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत सुमारे दहा लाख तंतू असतात. त्वचा, कान, जीभ, सांधे, आतडी, सगळीकडून अखंड निरोप येत असतात. हे सगळं जाणिवेत उतरलं असतं तर माणसाला एक वाक्य धड पुरं करता आलं नसतं.

न्यायदर्शनाने या अनुभवाला फार जुन्या काळी हात घातला आहे. न्यायसूत्रांमध्ये मनाची खूणच अशी सांगितली आहे की एकाच वेळी अनेक ज्ञानं उपजत नाहीत. पाचही इंद्रियं आपापल्या विषयांना भिडलेली असतात, तरी जाणीव एका वेळी एकाचीच होते, तेव्हा इंद्रियांच्या आणि जाणणाऱ्याच्या मध्ये काहीतरी असलंच पाहिजे, असा तो युक्तिवाद. ते मधलं म्हणजे मन, आणि ते अणूएवढं आहे, म्हणून एका वेळी एकाच इंद्रियाशी जोडलं जातं. आजचं मेंदूविज्ञान तेव्हाच सांगून झालं होतं असं मी म्हणणार नाही, कारण मन अणू आहे हे कुणी मोजून पाहिलेलं नाही. पण प्रश्न नेमका हाच होता, आणि तो इतक्या स्वच्छपणे मांडलेला पाहून मला त्या सूत्रकारांविषयी आदर वाटतो.

मोजून पाहायला विसावं शतक उजाडावं लागलं. अनेक वैमानिकांचे आवाज एकाच कर्ण्यातून एकमेकांत मिसळून येत आणि विमानतळावरच्या नियंत्रकांना त्यातला हवा तो वेगळा काढावा लागे, ही त्या काळातली खरी अडचण होती. १९५३ मध्ये कॉलिन चेरी या इंग्रज शास्त्रज्ञाने माणसांच्या दोन कानांना दोन वेगवेगळे मजकूर ऐकवले आणि एका कानातला मजकूर ऐकता ऐकता मोठ्याने म्हणायला सांगितला. लोकांना ते सहज जमलं. मग त्याने दुसऱ्या कानाविषयी विचारलं. तिथे आवाज पुरुषाचा होता की बाईचा, एवढं त्यांना सांगता आलं. मजकुराचा विषय सांगता आला नाही. मध्येच इंग्रजी थांबून जर्मन सुरू झालं होतं, तेही लक्षात आलेलं नव्हतं. दुसरा कान उघडाच होता आणि आवाज त्यात शिरतही होता, पण शब्द म्हणून त्याचं काही उरलं नव्हतं.

केंब्रिजच्या डोनाल्ड ब्रॉडबेंटने १९५८ मध्ये यावरून असं मांडलं की मेंदूच्या दाराशी एक गाळणी आहे आणि नको ते ती दारातच अडवते. पण लगेच पुढच्या वर्षी नेव्हिल मोरेने दुर्लक्षित कानात ऐकणाऱ्याचं स्वतःचं नाव घालून पाहिलं, तर साधारण एक तृतीयांश लोकांना ते ऐकू आलं. दारातच अडवलं असतं तर नाव आत गेलं कसं? ॲन ट्रीझमनने १९६४ मध्ये दिलेलं उत्तर मला आजही सर्वांत पटतं. मेंदू नको असलेला आवाज बंद करत नाही, मंद करतो. मंद झालेल्या आवाजातूनही आपलं नाव, तान्ह्याचं रडणं, ‘आग!’ अशी ओरड, यांना वर यायला थोडंसं बळ पुरतं. लग्नाच्या मांडवात तीन टेबलं पलीकडे कुणी आपलं नाव घेतलं की मान वळते, ती याच कारणाने.

हे मंद करणं नेमकं होतं कुठे, हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही, पण एक ठिकाण निश्चित आहे. मेंदूच्या मधोमध थॅलॅमस नावाचा पेशींचा पुंजका आहे. वासाचा अपवाद सोडला तर सगळ्या इंद्रियांचे निरोप वरच्या मेंदूकडे जाताना इथून जातात. त्याच्याभोवती पेशींचं एक पातळ कवच आहे आणि त्या कवचातल्या पेशींचं काम दाबण्याचं आहे. डीएनएच्या रचनेमुळे नावाजलेले फ्रान्सिस क्रिक आयुष्याच्या उत्तरार्धात मेंदूकडे वळले. १९८४ मध्ये त्यांनी असं सुचवलं की लक्ष वळवण्याची किल्ली या कवचात असावी. त्यानंतर उंदरांवर झालेल्या प्रयोगांनी त्या कल्पनेला बराच आधार दिला.

मला स्वतःला याहून जास्त थक्क केलं ते उलट दिशेच्या वाहतुकीने. डोळ्याचे निरोप थॅलॅमसच्या ज्या भागातून जातात, तिथल्या जोडण्यांपैकी प्रत्यक्ष डोळ्याकडून आलेल्या जोडण्या दहांत एखादीच. बाकीच्यांत मोठा वाटा वरून, मेंदूकडून खाली येणाऱ्यांचा. म्हणजे खालून काय आलं याबरोबरच वरून काय हवं आहे, याचीही तिथे दखल घेतली जाते. कानाच्या बाबतीत तर हा हात आणखी लांब पोचतो. १९४६ मध्ये रासमुसेन यांनी मेंदूच्या देठाकडून थेट अंतर्कर्णाच्या शंखापर्यंत उतरणारे तंतू दाखवले. शंखातल्या ज्या केसाळ पेशी आलेला आवाज वाढवतात, त्यांना आवर घालायची सोय या तंतूंमुळे मेंदूकडे आहे. आवाज कानात पोचला आणि मग मेंदूने निवड केली, असा सरळ क्रमच नाही. निवड कानातच सुरू झालेली असते.

२०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत निमा मेसगरानी आणि एडवर्ड चँग यांनी केलेला प्रयोग मी पुन्हा पुन्हा वाचला. अपस्माराच्या उपचारासाठी काही रुग्णांच्या मेंदूवर इलेक्ट्रोड ठेवलेले होते. त्यांना दोन माणसांचे आवाज एकत्र मिसळून ऐकवले आणि एकाकडे लक्ष द्यायला सांगितलं. मग मेंदूच्या श्रवणभागातल्या विद्युतहालचालींवरून, तिथे कोणता आवाज ‘वाजतो’ आहे याचं चित्र संशोधकांनी उलट तयार केलं. ते बहुतांशी लक्ष दिलेल्या माणसाच्याच आवाजाचं निघालं. कानावर दोन आवाज पडत होते आणि मेंदूत जवळजवळ एकच होता.

तो बिघडलेला माग मामाला कसा कळला, याचाही धागा इथेच सापडतो. फिनलंडच्या रिस्टो नॅटानेन यांनी १९७८ पासून दाखवून दिलं आहे की एकसारख्या आवाजांच्या मालिकेत एखादाच वेगळा आवाज आला, तर ऐकणाऱ्याचं लक्ष नसतानाही मेंदू सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आत त्याची दखल घेतो. मेंदू पुढच्या ठोक्याचा अंदाज बांधून बसलेला असतो. अंदाज बरोबर आला की तो ठोका सोडून देतो, चुकला की दचकतो. मामाच्या मेंदूने साठ मागांचे ठेके वर्षानुवर्षं ऐकून पाठ केले होते. म्हणूनच तो ते ऐकत नव्हता. चहा पिताना तो सगळा खडखडाट त्याच्यासाठी जवळजवळ नव्हताच, आणि त्या नसण्यातून एक माग चुकीचा वाजला तो थेट त्याच्यापर्यंत आला. ही विद्या त्याला कुणी शिकवली नव्हती. कारखान्यात अशी विद्या असलेले कितीतरी लोक होते आणि त्यांच्या हजेरीपुस्तकात तिच्यासाठी रकाना नव्हता.

त्याच कारखान्याने त्याचे कान खाल्ले. साध्या मागांच्या कारखान्यातला आवाज नव्वद डेसिबलच्या वर सहज जातो, आणि आठ तासांच्या पाळीसाठी आपल्याकडची मर्यादा नव्वदचीच आहे. आवाजामुळे येणारं बहिरेपण कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत नोंद करण्याजोगा आजार म्हणून दिलेलं होतं. पण मामाच्या कारखान्यात कुणाचे कान कधी तपासले गेल्याचं त्याला आठवत नाही. कुणी कापसाचा बोळा कानात घालायचं, बहुतेक जण तेही नाही. याचा मला राग आहे आणि तो जाणार नाही.

अशा आवाजाने कानाचं नुकसान होतं ते साधारण चार हजार हर्ट्झच्या आसपास आधी होतं. मामाच्या तपासणीच्या आलेखात रेघ तिथे खड्ड्यात उतरावी तशी उतरली आहे. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते त्याला नीट येतात. स, श, ट, थ, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख पटवणारी धार मात्र वरच्या पट्टीत असते. बोलणं येतं, पण धार गळून येतं. ‘साठ’ म्हटलं की ‘सात’, ‘काप’ म्हटलं की ‘थाप’. त्यातही आलेखात न दिसणारं एक नुकसान असतं. २००९ मध्ये शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना दोन तास मोठा आवाज ऐकवला. काही दिवसांनी त्यांची ऐकण्याची क्षमता चाचणीत पूर्ववत दिसली, केसाळ पेशीही शाबूत होत्या. पण त्या पेशींना नसेशी जोडणाऱ्या सांध्यांपैकी काही भागांत जवळजवळ निम्मे कायमचे गेले होते. बारीक आवाज ऐकू येत राहतो. गलक्यातून एक आवाज सोडवून काढायला जो तपशील लागतो, तो मात्र उणा पडतो. माणसांत नेमकं किती असं होतं यावर काम चालू आहे, पण मामाचं वाक्य मला त्या संशोधनाचं शीर्षकच वाटतं.

निवड करायची तर आधी निवडण्याजोग्या गोष्टी वेगळ्या दिसायला हव्यात. आवाज कुठून आला हे मेंदू दोन्ही कानांच्या तुलनेवरून ठरवतो. डावीकडचा आवाज डाव्या कानात उजव्यापेक्षा फार तर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या सहा-सात दशांश इतका आधी पोचतो, आणि तेवढ्यावरून मेंदू आठ माणसांच्या आठ जागा मांडतो. मामाकडे यंत्र एकच आहे. दोन परवडली नाहीत, आणि ही स्थिती आपल्याकडे घरोघरची आहे. एका कानातून आलेले आठ आवाज एकाच जागी ढीग होऊन पडतात.

त्यात वय. ॲडम गझाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तरुण आणि वृद्ध माणसांना चेहरे आणि निसर्गदृश्यं दाखवून, एकच प्रकार लक्षात ठेवायला सांगितला. हव्या त्या गोष्टीवर मेंदूचा जोर वाढवणं वृद्धांना तरुणांइतकंच जमलं. नको ती दाबणं जमलं नाही. हा प्रयोग डोळ्यांचा आहे, कानांचा नाही, तरी तो वाचताना मला भिंतीला टेकलेला मामा दिसत होता. त्याची इच्छा, त्याचं लक्ष, नातवाबद्दलची ओढ, यांत काहीही कमी झालेलं नाही. पूर्वी आपोआप व्हायचं ते नाकारणं आता त्याला कष्टाने करावं लागतं. संध्याकाळपर्यंत तो दमून जातो, आणि दमला की यंत्र खिशात जातं.

यंत्र यात काय करू शकतं? पुष्कळ करतं. पंख्याची घरघर ओळखून ती कमी करतं, समोरच्या दिशेचा आवाज उचलून घेतं. पण गौरीजेवणाच्या खोलीत सगळेच आवाज माणसांचे असतात, आणि मामाला त्या क्षणी कुणाचं ऐकायचं आहे हे यंत्राला ठाऊक नसतं. ते फक्त त्याच्या मेंदूला ठाऊक असतं. कोलंबिया विद्यापीठात मेसगरानी आता नेमकं यावरच काम करत आहेत: मेंदूकडून विचारून घेऊन तोच एक आवाज वाढवणारं यंत्र. ते आपल्या दुकानांत यायला वेळ आहे.

तोवर जे यंत्र आहे त्याचीही एक अट आहे, ती दुकानदार क्वचितच नीट समजावतो. कान कमी झाल्यावर माणूस ते वर्षानुवर्षं अंगावर काढतो. तेवढ्या काळात मेंदू बारीकसारीक आवाज नाकारायचं विसरलेला असतो. यंत्र लावलं की तेच आधी धावून येतात. पेपरचं पान उलटणं, स्वतःच्या चपला, फ्रिज, नळ. मामाने पहिल्या आठवड्यात मामीला बांगड्या काढून ठेवायला सांगितलं होतं. यंत्र रोज, बराच वेळ घातलं तर काही आठवड्यांत मेंदू पुन्हा सोडून द्यायला शिकतो. पण बहुतेक घरांत त्याच्या आधीच ते डबीत जातं आणि पैसे वाया गेले असा निकाल लागतो.

त्याहून वाईट निकाल माणसाचा लागतो. “त्यांना सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं.” हे वाक्य मी किती घरांत ऐकलं आहे! शांत खोलीत हळू बोललेलं कळतं, नाव घेतलं की मान वळते, आणि भर पंगतीत चार वेळा सांगितलेलं कळत नाही, हे पाहून लोक ते बोलतात. हे वाक्य अन्यायाचं आहे. जे कळतं ते का कळतं आणि जे निसटतं ते का निसटतं, याची कारणं वर आली आहेत, आणि त्यांत सोय कुठेही नाही. अशा वाक्यांनी माणूस आधी पंगतीतून उठतो, मग बोलण्यातून. श्रवणदोषाकडे वेळीच लक्ष दिलं तर उतारवयातल्या स्मृतिभ्रंशाचा धोका कमी होऊ शकतो, असं ‘लॅन्सेट’ने नेमलेल्या तज्ज्ञांनी २०२० च्या अहवालात म्हटलं आहे. एकटं पडण्याचा त्यात वाटा असावा, असं मानलं जातं.

ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय श्रोत्यांकडे अवधान मागत सुरू होतो. ज्ञानदेवांना ते मागायचा अधिकार होता, कारण सांगण्याचे सगळे कष्ट त्यांनी आधीच घेतले होते. आपण मात्र टीव्ही चालू ठेवून, दुसऱ्या खोलीतून, पाठ फिरवून बोलतो आणि अवधान समोरच्याने द्यावं म्हणतो. ज्याचा मेंदू नको ते नाकारू शकत नाही, त्याच्यासाठी ते आपण नाकारायचं असतं.

तुमच्या घरी असं कुणी असेल तर टीव्ही बंद करा. समोर बसा, तोंड उजेडात ठेवा, आधी नाव घ्या आणि मग बोला. एका वेळी एकाने बोला. ओरडू नका, त्याने व्यंजनांची धार परत येत नाही. शक्य असेल तर दोन्ही कानांचं यंत्र घ्या आणि पहिले काही आठवडे त्यांच्यासोबत काढा. आणि त्यांनी “काय म्हणालास?” असं विचारलं तर “जाऊ दे, काही नाही” असं म्हणू नका. जे म्हणालात, ते पुन्हा सांगा.